चिठ्ठ्या जाळण्याआधी

३ जानेवारी, शुक्रवार

आज काय झालं ते क्रमाने.

१. दांडेवाडीत तुळजाबाईंच्या ओसरीवर बायकांची शुक्रवारची प्रार्थना झाली. हजर बावीस. ख्रिस्ती नऊ, बाकी गावातल्या.
२. प्रत्येकीने आपली अडचण चिठ्ठीवर लिहून, बहुतेकींनी खाली नाव घालून, पत्र्याच्या डब्यात टाकली. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारणीने लिहिलं.
३. मागच्या शुक्रवारच्या चिठ्ठ्या तुळजाबाईंनी आधीच डब्यातून काढून ठेवल्या होत्या. त्या आठवडाभर रोज डब्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. चिठ्ठ्या उघडत नाहीत.
४. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात म्हणून चिठ्ठ्या जाळायचं काम त्यांनी मला दिलं.
५. जाळण्याआधी मी एकोणीस चिठ्ठ्यांचे फोटो काढले.
६. चिठ्ठ्या जाळल्या.
७. चहा झाला.

पाचव्या मुद्द्याबद्दल. कंपनीत माझं काम डेटाबेस सांभाळण्याचं आहे. प्रत न ठेवता काहीही नष्ट करायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. एकोणीस घरांची नेमकी माहिती चुलीत जाताना पाहून मला जे वाटलं त्याला श्रद्धेचा अभाव म्हणता येणार नाही. ती सवय आहे. परवानगी विचारली नाही. नकार मिळण्यासारखं त्यात काही दिसलं नाही.

तुळजाबाईंनी विचारलं, "तुजी चिठ्ठी कुटं हाय गं?"

"माझं काही नाही."

"बरं. डबा हितंच असतोय."

५ जानेवारी, रविवार

जांब्याच्या हॉलवर उपासना. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही. एकशे दहा खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. बरेचसे माझ्यासारखेच, हिंजवडीत नोकरी आणि जांब्यात किंवा आसपासच्या वाड्यांत भाड्याची खोली.

आमच्या चळवळीचे इथले प्रमुख निषाददादा यांनी आज 'सात वेशी' पुन्हा पहिल्यापासून मांडल्या. घर, शाळा, धंदा, बातमी, करमणूक, कायदा, सत्ता. समाजात शिरायच्या या सात वेशी. पूर्वी गावाचे निर्णय वेशीत बसणारी माणसं करत. आज तिथे कोण बसलंय ते पाहा, असं ते म्हणाले. आपण दोनशे वर्षं दवाखाने काढले, शाळा काढल्या, आणि वेशीबाहेर उभे राहिलो. आता आत बसायचं.

पप्पांना हे आवडणार नाही. नगरच्या मिशन शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं शिकवलं. मंडळीने, म्हणजे चर्चने, प्रार्थना करावी आणि पंचायतीने पंचायत करावी असं त्यांचं मत. मला ते मत पराभवाची सवय झालेल्या माणसाचं वाटतं. मला निषाददादांचं पटतं. ज्याला बरं-वाईट कळतं त्याने बाजूला उभं राहून चालत नाही.

उपासनेनंतर त्यांना फोटोंबद्दल सांगितलं. ते हसले.

"सृष्टी, मी सहा महिने विचारतोय, या गावाचं दुखणं कुठे आहे? आणि ते तुझ्या फोनमध्ये आहे!"

१२ जानेवारी, रविवार

तक्ता तयार केला. एका बाईला एक ओळ. रकाने: मतदार यादीतला क्रमांक, गल्ली, घर, वय, कल, प्रार्थनेचा विषय. 'कल' म्हणजे दारूच्या दुकानाबद्दल. अ म्हणजे नक्की विरोधात, ब म्हणजे सांगता येत नाही, क म्हणजे बाजूने. शेवटच्या रकान्यात चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा. तो रकाना लपवून ठेवला आहे, कारण तो कामापुरता माझ्यासाठी आहे.

संदर्भ नोंदवून ठेवते. दांडेवाडीच्या मुख्य रस्त्यावरचं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बचत गटाच्या अनसूयाताईंनी सह्यांचा अर्ज दिला आहे. अर्ज तपासला गेला की बायकांचं गुप्त मतदान होईल. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. अर्ज अनसूयाताईंचा आहे, आम्ही मदतीला आहोत. निषाददादा म्हणतात, ही आपली पहिली वेस.

रात्री मोटर बंद पडली. पाणी नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज रत्नाबाई आल्या. रत्नाबाई म्हणजे माझ्या घरमालकीण, वय बावन्न. मी वरच्या खोलीत, त्या आणि हैबतराव खाली. मी गेल्या महिन्यात सहज म्हटलं होतं, शुक्रवारी चहा असतो, या. आल्या आणि मागे बसल्या. गाणी चालू असताना पदराने गुडघा झाकून तो दाबत होत्या.

बायकांत हशा फार झाला. कोणीतरी विचारलं, मतदानाला चित्र ओळखायचं कसं? तर एक म्हातारी म्हणाली, "सोपं हाय. सांजच्याला नवरा कसा पडलेला असतो? तसली बाटली हुडकायची."

तुळजाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

परत येताना रत्नाबाई म्हणाल्या, "तुज्या लोकांत हसायला चालतं व्हय? मला वाटलं, डोळं मिटूनच बसायचं."

संध्याकाळी त्यांनी वर डबा पाठवला. पावट्याची उसळ आणि दोन भाकऱ्या. आठवड्यातून दोनदा पाठवतात. मी सांगितलेलं नाही, त्या पाठवतात.

२४ जानेवारी, शुक्रवार

मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या. फोटो चोवीस. एका चिठ्ठीवर नाव नाही, पण हस्ताक्षर मी ओळखते, कारण दुधाचा हिशोब त्याच अक्षरात खालच्या कॅलेंडरवर असतो.

"दुकान बंद होऊ दे. मी आडवीच करणार. ह्यांना कळू देऊ नको देवा. मागल्या बारीला दुकानाचं काढलं तर चार महिने बोलले न्हाईत."

दुकानाचा गाळा हैबतरावांचा आहे. हे मला माहीत होतं, पण दोन्ही गोष्टी एका ओळीत आल्यावर पहिल्यांदा दिसल्या. ते रोज संध्याकाळी आपल्याच गाळ्यात जाऊन बसतात आणि साडेनऊला परत येतात. हात उचलत नाहीत. मोठ्याने बोलतही नाहीत. चार महिने न बोलणं म्हणजे काय, याचा मी थोडा वेळ विचार केला.

मग नोंद केली. कल: अ.

चिठ्ठी जाळली.

३० जानेवारी, गुरुवार

मतदानाची तारीख लागली. रविवार, २ मार्च, शाळेत, सकाळी आठ ते पाच.

अनसूयाताईंच्या घरी बैठक. निषाददादा जांब्याहून आले होते. त्यांनी स्वयंसेवक, पत्रकं, बायकांना आणायला गाड्या, सगळं देऊ केलं. अनसूयाताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एक सांगा दादा. तुमी दारूसाठी आलाय का आमच्यासाठी?"

"ताई, दोन्ही एकच नाही का?"

"न्हाई. दारू दोन तारखेला संपंल. आमी त्याच्यानंतरबी हितंच हाय."

त्यावर सगळे हसले. निषाददादाही हसले. मला तो प्रश्न चांगला वाटला, पण त्याचं उत्तर देण्याची गरज मला वाटली नाही. काम स्पष्ट आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

गणित.

यादीत बायका सहाशे बारा. नियम असा की झालेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटल्या हव्यात, म्हणजे तीनशे सात. न आलेली बाई दुकानाच्या बाजूने धरली जाते. आजवर नक्की 'अ': दोनशे एक्क्याऐंशी. 'ब': एकशे चौऱ्याण्णव. म्हणजे 'ब' मधल्या दर सात बायकांपैकी एकीने आडवी केली तरी आपण जिंकतो, फक्त 'अ' मधल्या सगळ्या मतदानाला आल्या पाहिजेत.

हे होणार. मी अंदाजाने बोलत नाही.

'अ' मधल्या एकशे चार बायकांचा कल फक्त चिठ्ठ्यांवरून कळला आहे; दर शुक्रवारी नव्या बायका येतात आणि न येणाऱ्यांची अडचणही शेजारणी आपल्या चिठ्ठीत लिहितात. त्यांनी अर्जावर सही केलेली नाही. उघडपणे त्या कोणाशीच बोललेल्या नाहीत. निषाददादा याला 'झाकलेलं पीक' म्हणतात. पुढच्या रविवारी अकरा स्वयंसेवक घरोघरी जातील. प्रत्येकाला त्याच्या गल्लीची यादी. मी फाइल आज निषाददादांना पाठवली. छपाई ते जांब्यात करून घेतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दहा पंचेचाळीस. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. निरंजन खाली आला. निरंजन माझ्याच कंपनीत आहे, गेल्या वर्षी विश्वासात आला, म्हणजे ख्रिस्ती झाला. मनाने स्वच्छ मुलगा, वय सव्वीस. हातात कागद. दार हैबतरावांनी उघडलं. रत्नाबाई त्यांच्या मागे, पिठाच्या हातांनी.

निरंजन आमच्या मंडळीच्या रिवाजाने म्हणाला, "काका, सलाम. मी फक्त काकूंसाठी प्रार्थना करून जाणार आहे. दोन मिनिटं."

हैबतराव म्हणाले, "करा की. प्रार्थनेला कोन नको म्हनतंय?"

आमच्यात प्रार्थना मोठ्याने करतात आणि नाव घेऊन करतात. अडचणही नेमकी सांगतात. मोघम प्रार्थनेला आम्ही कमी समजतो. निरंजनने कागदावर एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि हात वर करून म्हणाला, "प्रभू, आमच्या रत्नाबाई काकूंनी तुझ्यापाशी जे मागितलंय ते पुरं कर. हे दुकान बंद होऊ दे. त्या आडवी बाटली करणार आहेत, त्यांचं धैर्य टिकव. काकांना कळेल ही त्यांची भीती काढून टाक..."

त्याचे डोळे मिटलेले होते. त्यामुळे तो थांबला नाही. काकांचं न बोलणं, चार महिने, सगळं आलं. आमेन म्हणून त्याने डोळे उघडले आणि हसला.

हैबतरावांनी त्याच्या हातातून कागद घेतला. ओटीवरचा चष्मा आणून घातला आणि पूर्ण वाचला. पूर्ण गल्लीचा. मग नीट घडी करून खिशात ठेवला.

"झाली दोन मिन्टं," ते म्हणाले.

दुपारी एकला रिक्षा आली. रत्नाबाई एक पिशवी घेऊन ताम्हिणीला गेल्या, माहेरी. हैबतरावांनी पिशवी रिक्षात ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. रत्नाबाईंनी वर पाहिलं नाही.

मी कपड्यांच्या मागे होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घटनेचं कारण शोधलं. कंपनीच्या पद्धतीने.

मूळ कारण: छपाईच्या वेळी लपवलेला रकाना उघडला गेला. फाइल देताना मी तो लपवला, काढून टाकला नाही. जांब्यातल्या दुकानदाराने "सगळं छापा" हा पर्याय निवडला.
परिणाम: अकरा कागदांवर शेवटचा रकाना छापला गेला.
उपाय: असा रकाना यापुढे वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे.

हे लिहून झाल्यावर बरं वाटलं. चूक सापडली की ती दुरुस्त होते.

संध्याकाळी हैबतराव ओटीवर बसले होते. सात वाजले तरी गाळ्यावर गेले नव्हते. मी जिन्याकडे जात होते तेव्हा म्हणाले, "थांबा जरा. तुमी भाडेकरू हाय. तुमच्यावर राग न्हाई. पण माज्या घरातलं कागदावर कसं आलं, येवढं सांगा."

मी म्हणाले, "काका, छपाईतली चूक झाली. जो भाग छापायचा नव्हता तो छापला गेला."



"छापायच्या आदी लिवावं लागतं न्हवं?"

मी वर आले. वरचा अहवाल पुन्हा वाचला. त्यातलं काहीही चुकीचं नाही. फक्त तो मधूनच सुरू होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डबा आला नाही. अर्थात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जांब्याला जाऊन निषाददादांना भेटले. त्यांना सगळं माहीत होतं. निरंजन तीन दिवस जेवला नाही असं म्हणाले. त्यांनी त्याला दोष दिला नाही, दोष स्वतःकडे घेतला. अकरापैकी सात कागद परत आले, ते त्यांनी माझ्यासमोर फाडले. हैबतरावांकडे एक. तीन सापडत नाहीत.

मी विचारलं, "फाइलचं काय?"

"फाइल राहू दे. पुढच्या वर्षी पंचायत आहे, सृष्टी. वॉर्डनिहाय आपल्याकडे जे आहे ते कोणत्याही पक्षाकडे नाही. दारूच्या मतदानावर थांबायचं नाहीये आपल्याला."

"त्या बायकांनी ते मतांसाठी लिहिलं नव्हतं."

"डॉक्टर केसपेपर ठेवतो की नाही? दुखणं माहीत असल्याशिवाय सेवा कशी करणार?"

"डॉक्टरला पेशंट स्वतः सांगतो."

"आणि या देवाला सांगत होत्या. आपण देवाचेच लोक ना?"

हे त्यांनी मनापासून म्हटलं. ते ढोंगी नाहीत. ते उपास करतात तेव्हा कोणाला सांगत नाहीत, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. म्हणूनच मला उत्तर द्यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "चळवळीच्या मुख्य कार्यालयाला मी नमुना म्हणून पाठवलीय. त्यांना फार आवडली. मावळ आणि भोरला हेच करायचं म्हणतायत. तुझं नाव घालून पाठवलीय."

एका महिन्यापूर्वी हे ऐकून मला आनंद झाला असता. नोंद करून ठेवते, कारण खरं आहे: आजही एक क्षण झाला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रार्थनेला हजर पाच. कोणीच चिठ्ठी लिहिली नाही. तुळजाबाईंनी रिकामा डबा समोर ठेवून नेहमीइतकाच वेळ प्रार्थना केली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताम्हिणी. रत्नाबाईंच्या भावाचा रस्त्यालगत ढाबा आहे. कोकणात जाणाऱ्या चार गाड्या उभ्या होत्या. रत्नाबाई मागे चुलीवर भाकऱ्या करत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बस. जेवलीस का?" आणि उत्तराची वाट न पाहता ताट वाढलं.

मी जेवले नाही. आधी बोलायचं ठरवून आले होते. त्या चिठ्ठीचा मी फोटो काढला, तो तक्त्यात लिहिला, तो कागद माझ्या फाइलमधून निघाला, असं सरळ सांगितलं. माफी मागितली. आवाज नीट राहिला.

भाकरी थापताना त्यांचा हात थांबला नाही.

"किती जनांनी वाचलं?"

"नेमकं सांगता येणार नाही. कागद अकरा होते."

"तुला नेमकं सांगता येतं. येरवी समदं सांगतीस. माजी चिट्टी किती जनांनी वाचली, येवढं सांग."

मी मोजलं. त्यांच्या गल्लीचा कागद एकच, निरंजनकडचा. निरंजन, हैबतराव, छापणारा दुकानदार धरला तर तो, निषाददादा, मुख्य कार्यालयात ज्यांना फाइल गेली ते सहा.

"दहा."

"आन तू?"

"मी... मी पहिली."

"मग अकरा म्हन."

"अकरा."

त्यांनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "मी येनार हाय दोन तारखंला. आडवीच करनार. त्यात काई बदल न्हाई. पण मज्जा बघ. आता मी उभी केली तरी लोक म्हननार आडवी केली. पडद्याआड जाऊन शिक्का मारायचा, तर पडदा कशाला मग? पत्र्याचा डबा बरा हुता त्याच्यापरीस. त्यातलं जळत तरी हुतं."

त्यांनी पिठाचा पुढचा गोळा घेतला.

"ह्यांचा फोन आलता काल," त्या म्हणाल्या. "पाच दिसांत आला. मागल्या बारीला चार म्हयने लागलं हुतं. म्हनाले, गुडघ्याची गोळी कपाटात ऱ्हायलीय, पाठवू का? मी म्हनलं, पाठवू नका, मीच येते." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुज्या कागदावर अजून किती बाया हायेत असल्या? न बोलनाऱ्या?"

"एकशे तीन. तुमच्याशिवाय."

"त्यास्नी सांगितलंस?"

"नाही."

"मग माज्याकडं कशाला आलीस आदी? मला तर म्हाईत झालंय."

याचं उत्तर माझ्याकडे होतं: कारण मला तुमच्याकडेच यायचं होतं. ते बोलले नाही. इथे लिहिते.

निघताना त्यांनी दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

हॉलवर गेले नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी तुळजाबाईंकडे. त्या ओसरी सारवत होत्या. मी सांगितलं. फोटो कधी काढले, किती काढले, काय केलं. त्यांना तक्ता, रकाना हे समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या, हाताला शेण तसंच.

"मी तीस वर्सं डबा ठेवतीया. एक चिट्टी उघडली न्हाई. वाचता येतंय मला, अक्षर अक्षर जुळवून येतंय. वाचली न्हाई." मग, "तुला मीच दिल्या जाळायला."

"तुमची चूक नाही त्यात."

"ते मला नको सांगू." आणि विचारलं, "फोटू जळतो का गं?"

"पुसता येतो."

"पुसला म्हंजी गेला?"

"दुसऱ्या कोणाकडे प्रत नसेल तर."

"हाय का?"

"आहे."

"मग जा आन घिऊन ये."

त्यांनी हात धुतले आणि आतून डबा आणून माझ्यापुढे ठेवला. 'तुजी चिठ्ठी कुटं' हा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मी वहीतून कागद फाडला, लिहिलं, घडी करून टाकलं. काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.

घरी येऊन फोनमधले एकशे एकसष्ट फोटो आणि माझ्या संगणकातली फाइल पुसली. प्रत ठेवली नाही. नोकरी लागल्यापासून मी असं पहिल्यांदाच केलं.

पुन्हा गणित. शुक्रवारी बायकांना खरं सांगितलं तर काही घाबरतील आणि मतदानाला येणार नाहीत. अंदाजे वीस ते पन्नास. म्हणजे तीनशे सात कदाचित होणार नाहीत. न सांगितलं तर कदाचित होतील. अनसूयाताईंना संध्याकाळी जाऊन हे दोन्ही आकडे दिले. अर्ज त्यांचा आहे. त्यांनी मला बरंच सुनावलं. ते सगळं बरोबर होतं. शेवटी म्हणाल्या, "सांगायचं. घाबरलेल्या बाईला मी हाताला धरून आनीन. फसवलेल्या बाईला कुन्या तोंडानं आनू?"

मला वाटतं आम्ही जिंकू. दुकान बंद व्हायला हवं याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. वेशीत बसायला हवं याबद्दलही नाही. पण वेशीत बसणाऱ्याने घरांच्या खिडक्यांतून बघायचं नसतं.

साडेनऊला हैबतराव घरातच होते. खालचा रेडिओ चालू होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

निषाददादांना आज पाठवलेलं पत्र. मसुदा तीनदा लिहिला. ही पाठवलेली प्रत.

निषाददादा,

सलाम.

दांडेवाडीतल्या बायकांच्या चिठ्ठ्यांचे फोटो मी काढले, तेही न विचारता. तो रकाना मी तयार केला. छपाईतली चूक ही नंतरची गोष्ट आहे. मूळ चूक ३ जानेवारीची आणि माझी आहे. निरंजनला हे मी वेगळं सांगितलं आहे. तो काल दुपारी जेवला.

माझ्याकडची फाइल आणि फोटो मी पुसले आहेत. तुमच्याकडे एक प्रत आहे आणि मुख्य कार्यालयात सहा जणांकडे आहे. त्यांना लिहिलेलं माझं पत्र सोबत जोडलं आहे. फाइल माझ्या नावाने गेली, म्हणून ती परत मागण्याचा पहिला हक्क माझा आहे. ती पंचायतीच्या निवडणुकीत किंवा दुसऱ्या कोणत्याही तालुक्यात वापरली जाऊ नये. वापरली गेली तर ती कशी गोळा झाली हे मी माझ्या नावाने, विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन.

शुक्रवारी, २८ तारखेला दुपारी चार वाजता, तुळजाबाईंच्या ओसरीवर मी बायकांना घडलेलं सांगणार आहे. त्या एकशे तीन जणी कोण हे उघड होऊ नये म्हणून अनसूयाताई सगळ्याच गल्ल्यांत घरी जाऊन, एकेकीला, बोलावणं देत आहेत. रत्नाबाई ताम्हिणीहून येणार आहेत. हे तुमच्या उत्तरावर अवलंबून नाही. मतदान हरण्याची शक्यता मी मोजली आहे.

तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. चळवळीचा यातला भाग माझ्या एकटीच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळला तर ते ऐकणाऱ्यांना बरं वाटेल, आणि मलाही. तीन कागद अजून सापडायचे आहेत. सापडले तर फाडू नका, घेऊन या. त्या दिवशी चूल पेटलेली असेल.

मला दोन गोष्टी कळवा. तुमच्याकडची प्रत पुसली का, आणि तुम्ही येणार का. दोन्हींचं उत्तर हो किंवा नाही, एवढंच पुरे.

उत्तर गुरुवारी, २७ फेब्रुवारीला, संध्याकाळी सहापर्यंत द्यावे.

सृष्टी